डोकं हललं की वस्तरा वर

हवामान केंद्र, ६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पोचले. बोटीत पोटातलं होतं नव्हतं ते सगळं समुद्राला देऊन झालं, पण धडधाकट पोचले. आईला फक्त दुसरा अर्धा भाग सांग.

या बेटावर एक टेकडी आहे, टेकडीवर तीन खोल्या, उपकरणांची पांढरी जाळीदार पेटी आणि वारा मोजायचा खांब. माणसंही तीनच. मी, आमचे साहेब आणि रेडिओवाली. सकाळ-संध्याकाळ एक मोठा फुगा हवेत सोडायचा, बाकी दर तासाला आकडे लिहायचे. इंटरनेट आहे ते ते आकडे पाठवण्यापुरतं, त्यावर फोटोसुद्धा जात नाही. म्हणून आता तुला माझं अक्षर वाचावं लागणार. बोट एका सोमवारी येते, एका सोमवारी येत नाही, आणि आली की तीन तास धक्क्याला थांबते. तेवढ्यात आलेली पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहून परत द्यायची.

आता कामाचं. कॉम्प्युटरवरच्या गेममधलं माझं घर महिनाभर कुणी उघडलं नाही तर पाडून टाकतात. तुला तीन संध्याकाळी बसून शिकवलंय, ते विसरू नकोस. माझ्या नावानं आत जायचं. लाल रुमाल बांधलेली, हातात दोन खंजीर असलेली ठिणगी दिसेल, ती म्हणजे मी. तिला घरात न्यायचं, बागेला पाणी घालायचं आणि बाहेर यायचं. लढाईच्या वाटेला जायचं नाही. रविवारी गेममध्ये एकत्र लढणाऱ्या टोळीला मी वर्षभर येणार नाही असं सांगून आलेय. त्या आठ जणांत मला दोनदा नकार मिळाल्यावर तिसऱ्यांदा जागा मिळाली होती, म्हणून म्होरक्याला म्हटलं, जमलं तर माझी जागा ठेव. तो 'बघू' म्हणाला. त्याचं 'बघू' कधी कुणाला कळलेलं नाही.

मामीला नमस्कार. तुझे पाय कसे आहेत ते खरं लिही.

तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

पत्र मिळालं. मामीनं दोनदा वाचून घेतलं आणि तुझ्या आईला फोनवर अर्धाच भाग सांगितला. दुसऱ्या अर्ध्याचा अंदाज तुझ्या आईनं स्वतःच बांधला.

पाय आहेत तसे आहेत. सकाळी बरे, दुपारी जड, संध्याकाळी पोटरीवरच्या शिरा दोरखंडासारख्या दिसतात. डॉक्टर म्हणतात की चाळीस वर्षं न्हाव्याच्या खुर्चीभोवती उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. उभं राहायचं नाही, एवढं एकच त्यांचं पालुपद. दुकान माझ्या कारागिराच्या हवाली केलं त्याला दीड वर्ष झालं. तो नीट चालवतोय असं ऐकतो. मी त्या रस्त्यानं जात नाही. घरात बसून बसून मामी म्हणते की मी पडद्याच्या झालरी विंचरायला लागलोय. एकदा विंचरली, तिचं एवढं भांडवल.

तुझं घर छान आहे. बाग हिरवीगार आहे. काळजी करू नकोस.

एक सहज विचारतो, मनात आलं म्हणून. समजा एखादं अस्वल आहे, दगडाचं, घराएवढं. आणि एखादी व्यक्ती त्याच्या पाठीमागे उभी राहून वार करतेय. तर अस्वल गर्रकन वळल्यावर त्या व्यक्तीनं नेमकं काय करायचं असतं?

आशीर्वाद.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

माझ्या बागेत अस्वल कुठून आलं?

बोट आज तासभरच थांबणार आहे, लाटा मोठ्या आहेत. मुकाट्यानं खरं काय ते लिही.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

लिहितो. आधी पाणी पिऊन घे.

तू गेल्याच्या पहिल्याच रविवारी सकाळी मी बागेला पाणी घालत होतो. पडद्यावर म्होरक्याचा निरोप आला, "ठिणगी, तू आहेस? येतेस का? एक माणूस कमी आहे." मी एका बोटानं 'हो' लिहिलं. लिहिलं आणि लगेच पुसायला गेलो, पण तोवर त्यांनी मला खेचून एका गुहेत नेलं होतं आणि समोर ते अस्वल उभं होतं. माइक बिघडलाय असं सांगितलं. अस्वलानं मला चारदा मारलं. पाचव्यांदा ते पडलं, माझ्यामुळे नव्हे, माझ्या असण्याला न जुमानता. संपल्यावर तक्ता आला. दर सेकंदाला कोणी किती इजा केली त्याचा. त्यात मी सगळ्यात खाली, एकोणीस हजार. माझ्या वर मलमपट्टी करणारी होती, जिचं काम मारणं नाहीच.

तरी त्यांनी पुढच्या रविवारी बोलावलं आणि मी गेलो. तुझ्या जागी जो तात्पुरता माणूस घेतला होता, त्याला वाटलं ठिणगी परत आली, तो रुसून दुसऱ्या टोळीत गेला. म्हणजे आता मी थांबलो तरी तुझी जागा रिकामी पडणार आणि गेलो तरी तुझं नाव खराब होणार. काल म्होरक्यानं लिहिलं की एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत तीस हजार दिसले नाहीत तर या जागेवर नवा माणूस येईल. जूनपासून मोठी लढाई आहे म्हणे.

मी का गेलो ते सांगतो, मग हवं तेवढं रागाव. दीड वर्षात मला कुणी "येतोस का, एक माणूस कमी आहे" असं म्हटलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे मला ते आवडतं. मोठ्या धुडाच्या मागे उभं राहून, बाजूनं फिरून काम करणं मला नवीन नाही. शेवटी अस्वल आडवं झालं की मी सवयीनं लिहूनही जातो, "झालं, बघून घ्या." मागचा आरसा तेवढा धरायचा राहतो.

तुझी जागा मी घालवली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. काय करू ते सांग.

मामा


६ मार्च

मामा,

पत्र वाचून मी टेकडी उतरून धक्क्यावर गेले आणि परत चढून आले, म्हणजे राग निम्मा झाला. उरलेला निम्मा असा, की ती जागा मिळवायला मला तीन वर्षं लागली. पहिल्यांदा गेले तेव्हा म्होरक्यानं मला दहा मिनिटं बघितलं आणि 'अजून नाही' म्हणाला. तुला नुसतं पाणी घालायला सांगितलं होतं. तुझ्याकडे वस्तरा ठेवायला दिला असता तर तू कुणाची दाढी केली असतीस असं आता वाटतं.

बरं. रागावून संपलं. आता ऐक.

तू पुढ्यात कधीच उभं राहायचं नाहीस. पुढ्यात ढालवाला असतो, मार खाणं त्याचं काम. तुझं काम पाठीमागे, कारण पाठीतला वार दुप्पट लागतो, कुशीतला दीडपट. पहिला वार रक्त वाहवणारा, तो वीस सेकंद आपोआप काम करत राहतो. तो संपत आला की पुन्हा तोच, आधी नाही, नंतर नाही. मधल्या वेळात डावा, उजवा, डावा, उजवा. खाली लाल पट्टी दिसते का? प्रत्येक वाराबरोबर ती भरते. भरली की मोठा घाव. पण हात थांबला की पट्टी रिकामी व्हायला लागते. लांब फेकला गेलास तर उडीचं बटण दाबून परत पाठीवर यायचं, चालत यायचं नाही.

आधी गावाबाहेरच्या गवताच्या बाहुल्यावर शंभर वेळा कर. मग अस्वलाची लढाई झाली की गेम जी यादी देतो, कोणत्या सेकंदाला कोणता वार, ती मला उतरवून पाठव. इथे मला आकडे वाचायचा पगार मिळतो, तुझेही वाचीन.

भिंगरी


१४ मार्च

चिरंजीव भिंगरी,

यादी सोबत आहे. सोळा पानं. मामीनं वाचून दाखवली आणि मी लिहिली. नवव्या पानावर "डावा, उजवा, डावा, अहो दूध उतू गेलं" असं लिहिलं गेलंय, त्यातलं शेवटचं अस्वलाला लागलेलं नाही.

गवताच्या बाहुल्यावर मी चार दिवस घासतोय. तू सांगितलेला क्रम आता बोटांत बसलाय. वीस सेकंद मोजावे लागत नाहीत, चेहऱ्यावरचा फेस वाळायच्या आत काम उरकायचं असतं ना, तसा तो वेळ आतूनच कळतो. शनिवारी बाहुल्यावर तेहेतीस हजार दिसले. तेहेतीस! मामीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "बाहुलं आहे ते, त्याला मारण्यात कसला पराक्रम."

आणि तिचंच खरं ठरलं. त्याच हातांनी, त्याच क्रमानं रविवारी अस्वलावर एकवीस हजार. मला काहीच उमगेना. म्होरक्यानं फक्त पुढच्या रविवारची वेळ लिहिली, आणि ते मला जास्त लागलं.

दूध सोडून बाकी सगळं नीट वाच.

मामा


२० मार्च

मामा,

घाईत लिहितेय. दोन दिवस वादळ होतं, एक फुगा दोरीसकट खांबाला अडकला, साहेबांचा हात मुरगळला, आणि बोट आता सुटेल.

तुझी यादी वरवर बघितली. मला वाटतं क्रम बरोबर आहे, पण अस्वलासमोर तुझे हात मागे पडतात. त्यात तुझी चूक काही नाही. हे वीस-पंचवीस वयाच्या लोकांचे खेळ आहेत, नजरेनं बघून बोटानं दाबेपर्यंत जो वेळ जातो तो वयाबरोबर वाढतोच. मी म्हणते, ठिणगीला खंजिरांऐवजी धनुष्य दे. लांब एका जागी उभं राहून बाण मारायचे. फिरायची दगदग नाही, सगळं समोर दिसतं, बसल्या जागी काम. म्होरक्याला धनुर्धारीही चालेल. तुझ्या पायांना नाही का डॉक्टरांनी तेच सांगितलं, तसंच समज.

मनाला लावून घेऊ नकोस.

भिंगरी


३ एप्रिल

मामा,

बोट आली. रेडिओवालीला तीन पत्रं, साहेबांना मुरगळलेल्या हातासाठी तेलाची बाटली, मला काही नाही. तुझं पत्र चुकलंय असं मी तासभर स्वतःला सांगितलं. मग गेल्या खेपेला काय लिहिलं होतं ते आठवलं आणि मान खाली गेली. बसल्या जागी काम कर, असं मी तुला लिहिलं. तुला.

चूक दुहेरी आहे. एक म्हणजे मी तसं लिहिलं. दुसरं म्हणजे ते खोटं आहे.

आज दुपारी मी तुझी सोळा पानं वाऱ्याच्या कागदाशेजारी पसरून ठेवली. आमच्याकडे एक पेन दिवसभर कागदावर वाऱ्याची रेघ ओढत असतं. वारा मंद झाला तरी ती रेघ थरथरत असते, थोडी इकडे, थोडी तिकडे. पेन अडकलं तर मात्र सरळसोट रेघ येते. नवखा माणूस दोन्ही एकच समजतो. मी तुझ्या बाबतीत नवख्यासारखी वागले.

हात मंद असते तर सगळेच वार थोडे थोडे उशिरा पडले असते. तुझे तसे नाहीत. डावा, उजवा, डावा, उजवा, प्रत्येकात बरोबर एक सेकंद, पानंच्या पानं. माझे इतके नेमके कधी नव्हते. आणि मग एकदम चार सेकंद काहीच नाही. मग परत नेमके. असे चार-चार सेकंदांचे खड्डे मी मोजले, सत्तावीस निघाले. यादीत अस्वल वळल्याची नोंदही येते. तीही सत्तावीस वेळा. एकूण एक खड्डा अस्वल वळल्याच्या पुढच्या क्षणाला सुरू होतो. त्या चार सेकंदांत लाल पट्टी रिकामी होते आणि तू परत पहिल्यापासून भरत बसतोस.

तुझे हात उशीर करत नाहीत मामा. तू त्यांना उचलतोस. ते वळलं की तू थांबतोस. का थांबतोस?

रागावला असशील तर रागाव, पण पत्र लिही.

तुझी भिंगरी


१० एप्रिल

चिरंजीव भिंगरी,

रागावलो होतो. तुझं धनुष्याचं पत्र खिशात घालून दोन आठवडे फिरलो. रविवारी गेलो नाही, म्होरक्याला कळवलं की तब्येत बरी नाही. मामीनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, आणि ती उगीच माझ्या आवडीचं करून घालायला लागली, तेव्हा कळलं की तिनं पत्र वाचलंय.

तुझं दुसरं पत्र शुक्रवारी आलं. 'का थांबतोस' हे वाचून मी बूट घातले आणि दीड वर्षात पहिल्यांदा दुकानाच्या रस्त्यानं गेलो.

कारागीर मला बघून वस्तऱ्यासकट बाहेर आला. माझ्यासाठी खुर्ची रिकामी करायला निघाला, मी म्हटलं नको, मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसू दे. चाळीस वर्षांत त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो. तिथून दुकान वेगळंच दिसतं. आरशात सगळ्यांचे चेहरे आणि समोर कारागिराची पाठ.

तो एकाची दाढी करत होता. गळ्याशी वस्तरा आला आणि गिऱ्हाइकाला शिंक आली. शिंक यायच्या आधीच, नुसतं नाक चुरचुरलं तेव्हाच, वस्तरा हवेत होता. कारागिरानं बघितलं नाही, विचार केला नाही. हात आपोआप वर गेला आणि डोकं स्थिर होईपर्यंत वरच राहिला. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार.

हे त्याला मीच शिकवलंय. पहिले सहा महिने मी त्याच्या हातात धार नसलेला वस्तरा दिला होता आणि मागून गिऱ्हाइकाची खुर्ची मुद्दाम हलवायचो. डोकं हललं की वस्तरा वर, हा आमच्या दुकानातला पहिला नियम. चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणाला ओरखडा गेला नाही तो याच नियमामुळे. आणि मी तो घेऊन अस्वलाकडे गेलो! ते वळलं की माझा हात वर. त्या राक्षसाला लागू नये म्हणून मी काळजी घेत होतो. बाकावर बसून मला इतकं हसू आलं की कारागिरानं पाणी आणून दिलं.

पण पाणी पिता पिता विचार आला. हा नियम हाडात गेलाय. तो कसा काढायचा?

मी तसाच बसून राहिलो. दाढीवाला गेला आणि एक बाई तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. कारागिरानं खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, मुलीला वर बसवलं आणि कात्री घेतली. पोरगी तुझीच दुसरी आवृत्ती. आरशात वाकडं तोंड करायची, दाराकडे बघायची, आईकडे वळायची. आणि कारागीर कापतच होता. एकदाही थांबला नाही. मी पुढे सरकून बघितलं. त्याचा डावा हात मुलीच्या टाळूवर होता. डोकं जिकडे जाईल तिकडे डावा हात जायचा, आणि डाव्याच्या मागोमाग उजवा, कात्रीसकट. हेही त्याला मीच शिकवलं होतं, आणि मला तुझ्यावर शिकायला मिळालं होतं. वस्तऱ्यासाठी एक नियम, कात्रीसाठी दुसरा. मी खंजीर बघून वस्तरा समजलो, एवढीच माझी चूक.

घरी आलो आणि कीबोर्डवर हात ठेवला. चालायची चारही बटणं डाव्या हाताखाली आहेत. उजव्या हातात माऊस. म्हणजे डावा हात टाळूवर ठेवायचा आणि उजव्यानं कापायचं. बाई गं, हे माझ्यापुढे दोन महिने होतं.

आता सराव सुरू आहे. बाहुलं वळत नाही, म्हणून मी मामीला फिरत्या खुर्चीवर बसवतो आणि मी शेजारी स्टुलावर. तिनं मनाला येईल तेव्हा डोकं फिरवायचं, मी डावा हात टाळूवर ठेवून उजव्या हातानं कंगवा चालू ठेवायचा. कंगवा थांबला की ती "थांबलात" म्हणते. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा म्हणाली, काल तीनदा. अर्धा तास झाल्यावर म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही माझे केस पहिल्यांदा विंचरताय, ते पण अस्वलासाठी." मी म्हटलं, उद्यापासून अस्वलाशिवाय विंचरीन. आज खुर्ची तिनंच आणून ठेवली.

तीन रविवार उरलेत. जागा वाचेल का माहीत नाही. पण मी धनुष्य घेणार नाही.

मामा


१७ एप्रिल

मामा,

पत्र रेडिओवालीला आणि साहेबांना वाचून दाखवलं. साहेब तुझ्या दुकानात यायचं म्हणतात. त्यांना म्हटलं, रांगेत माझ्या मागे उभे राहा. गेल्या आठवड्यात रेडिओवालीनं माझे केस तारा कापायच्या कात्रीनं कापले. एक बाजू कानाच्या वर आहे, दुसरी खांद्यावर. बेटावर आरसा एकच आहे आणि मी तो टाळते.

तुला एक सांगायचं होतं ते आजवर सांगितलं नाही. साहेबांनी मला विचारलंय की आणखी एक वर्ष राहशील का. मला राहायचंय. इथे सकाळी फुगा सोडल्यावर तो दिसेनासा होईपर्यंत मान वर करून उभं राहायचं असतं, आणि तेवढ्या वेळात मला दुसरीकडे कुठेही असावंसं वाटत नाही. अडत होतं ते एका गोष्टीवर. म्होरक्या दोन वर्षं माझी जागा ठेवणार नाही, आणि ती गेली तर मला वाईट वाटेल. हसू नकोस. तिथे मला मी कोण ते सिद्ध करावं लागलं होतं.

पण आता ठरवलंय. तीस दिसले नाहीत आणि जागा गेली तर जाऊ दे. तू वार थांबवले नाहीस, एवढं मला पुरे. नावाची काळजी करू नकोस, मजेत खेळ.

भिंगरी


१ मे

चिरंजीव भिंगरी,

काल शेवटचा रविवार होता. सविस्तर लिहितो, मामी शेजारी बसून दुरुस्त्या करतेय.

सकाळी नऊला आठही जण गुहेत. पहिल्या फेरीत मी अस्वलाच्या पाठीला असा चिकटलो की ते आगीच्या खड्ड्याकडे गेलं तर मीही त्याच्याबरोबर आगीत. मेलो. डावा हात टाळूवर ठेवायचा, पण चुलीत जायचं नाही, हे तुझं लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या फेरीत सगळंच विस्कटलं, त्यात माझा दोष नव्हता, ढालवाल्याच्या दारावर कुणीतरी आलं होतं.

तिसरी फेरी. अस्वल वळलं आणि मी त्याच्याबरोबर वळलो. डावा, उजवा, डावा, उजवा. परत वळलं, परत गेलो. मामी मागे उभी राहून प्रत्येक वळणाला "थांबू नका" म्हणत होती. मधे एकदा उजवा हात उचलला गेल्याचं मला जाणवलं, पण तो खाली यायला एक सेकंदही लागला नाही. लाल पट्टी संपूर्ण लढाईत एकदाही रिकामी झाली नाही. चाळीस वर्षांत मी कधी घाईत काम केलं नाही आणि कालही केलं नाही, नुसतं थांबलो नाही. अस्वल पडलं. मी लिहिलं, "झालं, बघून घ्या."

तक्ता आला. चौतीस हजार दोनशे. आठांत तिसरा.

मग म्होरक्यानं जे लिहिलं ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय. "अभिनंदन. आता तुमचं नाव सांगा. ठिणगीचं नको, ते आमच्याकडे आहे."

भिंगरी, त्यांना पहिल्या रविवारपासून माहीत होतं. ठिणगी म्हणे लढाई संपली की एक शब्द न बोलता निघून जायची. आणि ही ठिणगी प्रत्येकाला अहो-जाहो करते, चुकलं की माफी मागते आणि शेवटी "बघून घ्या" म्हणते. मलमपट्टीवाली म्हणाली की तिच्या आजोबांचा न्हावी हुबेहूब असंच म्हणायचा, म्हणून तिनं पैजच लावली होती. तुझी जागा त्यांनी कधीच काढायला घेतली नव्हती. म्होरक्या म्हणाला, "तिला 'बघू' म्हटलं होतं, म्हणजे ठेवली होती." तू ये, वर्षानं ये, दोन वर्षांनी ये, ती तुझीच आहे. तीस हजारांची अट माझ्यासाठी होती. नववं नाव लिहायचं की नाही ते ठरवायला.

म्हणजे मी तीन महिने तुझ्या जागेसाठी रक्त आटवलं आणि पणाला लागलेली जागा माझीच होती. मला आधी थोडा राग आला. मग मामीकडे बघितलं तर ती डोळे पुसत होती आणि कांदा चिरत नव्हती.

मी नाव लिहिलं, "मामा." आता यादीत आठांच्या खाली तसंच आहे. तू परत येईपर्यंत मी ठिणगीचे खंजीर वापरायचे, तोवर माझा माणूस पहिल्या पायरीपासून वाढवायचा, असं ठरलंय. त्याच्याही हातात दोन खंजीर दिलेत. डोक्यावर टक्कल ठेवलंय. म्होरक्यानं विचारलं टक्कल का, मी म्हटलं सुट्टीच्या दिवशी काम नको.

तू राहा त्या बेटावर. मन भरेपर्यंत राहा.

मामा


१५ मे

मामा,

चौतीस हजार दोनशे! अस्वलावर माझा सगळ्यात मोठा आकडा तेहेतीस आठशे आहे. हे कुणाला सांगू नकोस, म्होरक्याला तर मुळीच नको.

मी साहेबांना होकार दिला. आणखी एक वर्ष. तुझं पत्र वाचून मग दिला, हे खरं आहे. आणि म्होरक्याच्या 'बघू'चा अर्थ कळायला मला बेटावर यावं लागलं, हेही.

पण त्याआधी पंधरा दिवसांची रजा मिळतेय. बारा जूनच्या बोटीनं निघते. आल्या आल्या तुमच्याकडे येईन. मामीला सांग घाबरू नकोस, डोक्याची दशा बघून आई रडेल, तिनं रडू नये. रस्त्यात पहिलं सलून दिसेल तिथे निदान दोन्ही बाजू सारख्या करून घेते.

तुझी भिंगरी


२२ मे

चिरंजीव भिंगरी,

खबरदार. बोटीतून उतरलीस की डोक्याला फडकं बांध आणि थेट घरी ये. वाटेतल्या कुणाच्या हातात डोकं देऊ नकोस.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. रोज आठ तास नाही, पण एका डोक्यापुरता वीस मिनिटं उभा राहिलो तर चालेल का. ते म्हणाले, कुणाचं डोकं? मी सांगितलं. ते म्हणाले, पंचवीस मिनिटं घ्या.

कारागिराला निरोप दिलाय. तू पोचशील त्या संध्याकाळी दुकान तासभर आपलं. माझी जुनी कात्री त्यानं तेल लावून वेगळी ठेवली होती, मला न सांगता. काल जाऊन हातात घेतली. अंगठ्याला ओळख आहे अजून.

लहानपणी तुला फळीवर बसवलं की मी एकच वाक्य म्हणायचो, आठवतं ना? हलू नकोस. हलू नकोस, भिंगरी, हलू नकोस. तुझी आईही म्हणायची, मामीही म्हणायची, आणि तू काही ऐकायची नाहीस.

या वेळी कुणी म्हणणार नाही. बेटाच्या गोष्टी सांगत बस, फुगा कसा वर जातो ते मान वर करून दाखव, पाहिजे तिकडे वळ. हललीस तरी चालेल. माझा हात थांबणार नाही.

वाट बघतोय.

मामा